खुळखुळणारा जबडा

(दृश्य: जुन्या चाळीमागची अरुंद बोळ. भिंतीवरून चढत गेलेले गंजलेले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप. जमिनीवर पसरलेलं गोणपाट, त्यावर हत्यारं.)

सकाळचं पाणी येऊन गेलंय. दुपारपर्यंत ही लाइन मोकळी करायची आहे. प्लंबरकाकांचा हाताखालचा मुलगा गोणपाटावरचा मोठा पाना उचलतो, कानाशी नेऊन हलवतो. खुळखुळ आवाज येतो.

"काका, ह्याचा जबडा ढिला झालाय."

"ढिला नाही झाला रे, तो असतोच तसा. खुळखुळतोय म्हणून तर पाइप धरतो. लाव तू."

आपण आज पाहणार आहोत ती हीच ढिलाई. घट्ट धरण्यासाठी बनवलेल्या हत्यारात मुद्दाम ठेवलेली ढिली जागा. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका कारागिराला ती सुचली आणि आजही ह्या जातीच्या पाइप पान्यांत ती कायम आहे.

(दृश्य: पाना आणि गोल पाइप, अगदी जवळून.)

नटाला सहा बाजू असतात. पाना त्या बाजूंना टेकतो आणि नट फिरतो. पाइपला असं टेकायला काहीच नाही. तो गोल, वरून ओला, कधी तेलकट, आणि आतले आटे गंजून एकमेकांना चिकटलेले. गुळगुळीत जबड्यांचा पाना लावून ओढलात, तर पाना सटकतो आणि बोटं भिंतीवर सोलपटतात.

एक छोटा हिशेब करू. १८ इंची पाना आहे. हात पाइपच्या मध्यापासून ४० सेंटिमीटरवर आहे आणि आपण २० किलोचा जोर लावतोय. एक इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे ३४ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या १७. चारशे भागिले सतरा, जवळजवळ साडेतेवीस पट. वीस किलोचे पाइपच्या पृष्ठभागावर ४७० किलो झाले. घर्षण दाबाच्या पाचव्या हिश्शाइतकं धरलं, तर नुसत्या दाबावर एवढं पेलायला दोन्ही जबड्यांना प्रत्येकी टनाहून जास्त दाब द्यावा लागेल. स्क्रू आवळून माणसाचा हात तो देणार कुठून?

(दृश्य: जुनी चित्रं. बॉस्टन शहर, कारखाने, वाफेचे पाइप.)

अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य. १८४१ साली ह्याच राज्यातल्या वुस्टर गावी लोरिंग कोज याने स्क्रूने मागेपुढे होणाऱ्या जबड्याच्या पान्याचं पेटंट घेतलं. नटबोल्टसाठी तो उत्तम होता, पण पाइपवर लटका पडायचा. त्याच सुमारास जेम्स वॉलवर्थ आणि जोसेफ नेसन यांनी इमारती वाफेने गरम करण्याचा धंदा सुरू केला. लहान व्यासाच्या लोखंडी पाइपांतून वाफ खोल्याखोल्यांत न्यायची. म्हणजे भिंतीभिंतीतून पाइप, आणि दर काही फुटांवर आट्यांचा जोड. फिटरला पाइपच्या मापामापाचे वेगळे चिमटे बाळगावे लागत. पाइपचं माप बदललं की चिमटाही बदलायचा.

ह्याच वॉलवर्थ कंपनीच्या बॉस्टनजवळच्या कारखान्यात डॅनियल चॅपमन स्टिलसन काम करत होता. जन्म १८२६ चा, न्यू हॅम्पशर राज्यातल्या डरहॅमचा. व्यवसायाने मेकॅनिक. रोज हाताला जे लागतं, बोचतं, त्याचा विचार करणारा माणूस.

असं सांगतात, की त्याने आधी लाकडाचा नमुना कोरून मालकांना दाखवला. ते म्हणाले, लोखंडात बनव, आणि मग एक तर पाइप पिळून तोड, नाही तर पाना मोडून दाखव. पाना बनला. जोर लावला. पाइप पिळवटून तुटला, पाना शाबूत राहिला.

१२ ऑक्टोबर १८६९. अमेरिकन पेटंट क्रमांक ९५,७४४.

(दृश्य: पान्याचे भाग सुटे करून मांडलेले. एकेक भाग हातात घेऊन दाखवला जातो.)

आता हे हत्यार सोडवून बघू. हा लांब दांडा. दांड्याच्या डोक्यावर दातेरी पट्टी, हा खालचा जबडा. हा दुसरा भाग आकड्यासारखा वळलेला, ह्याच्या आतल्या अंगाला दाते, हा वरचा जबडा. त्याच्या दांडीवर आटे पाडलेत आणि त्या आट्यांवर हा खरबरीत नट फिरतो. नट फिरवला की जबडा वरखाली होतो. मापाचा प्रश्न तिथे सुटला. एक पाना अनेक पाइपांना चालू लागला.

पण स्टिलसनची खरी करामत ह्या चौकटीत आहे. वरच्या जबड्याची दांडी तिच्यातून सैलसर जाते. स्टिलसनच्या रचनेत ही चौकट दांड्यावर पिनेने जोडलेली असायची आणि थोडी झुलायची. आजच्या पान्यात बहुधा ती दांड्याचाच भाग असते, पण जबड्याभोवतीची मोकळी जागा आणि त्याला जागेवर ठेवणारी स्प्रिंग कायम आहे.

(दृश्य: पाना पाइपवर बसतो. संथ गतीत दांडा ओढला जातो.)

आता नीट बघा. दांडा ओढला. वरचा जबडा पाइपवर किंचित कलला. तो कलला म्हणून दोन जबड्यांमधलं अंतर कमी झालं. अंतर कमी झालं म्हणून दाते लोखंडात रुतले. आणखी ओढा, आणखी रुततील. आवळण्याचं काम स्क्रूकडे नाहीच. ते तुमच्या खांद्याकडून येतंय. जोड जितका हट्टी, तितका तुम्ही जोर लावणार, आणि जितका जोर लावणार तितकी पकड पक्की होणार. जबडा घट्ट बसवला असता तर तो कलला नसता, आणि पाना तिथेच सटकला असता.

उलट्या दिशेला दांडा फिरवला की तोच जबडा सैल होतो, पाइपवरून सरकतो आणि नवी जागा धरतो. पाना काढून परत लावायची गरज नाही. अडचणीच्या कोपऱ्यात हा गुण फार मोलाचा ठरतो.

म्हणून जाणती माणसं पाइप जबड्यात पार आतपर्यंत ढकलत नाहीत. पाइप आणि आकड्याची पाठ यांच्यात साधारण अर्धा इंच फट ठेवतात. पाठ पाइपला टेकली, तर जबड्याला कलायला जागा उरत नाही. जोर कमी पडला तर मोठा पाना घेतात, दांड्यावर पाइप चढवून तो लांबवत नाहीत. तसं केलं तर दांडा वाकतो, कधी जबडाही तुटतो.

स्टिलसनला पेटंट स्वतःकडे ठेवता आलं. त्याच्या हयातीत त्याला सुमारे ८०,००० डॉलर रॉयल्टी मिळाल्याचं सांगतात. १८९९ साली तो वारला. इंग्रजी बोलणाऱ्या अनेक देशांत पाइप पान्याला आजही 'स्टिलसन' म्हणतात. कारागिराचं नाव हत्यारावर राहिलं, ह्याचा मनापासून आनंद वाटतो, कारण बहुतेक हत्यारांच्या बाबतीत तसं घडलेलं नाही.

(दृश्य: वेगवेगळ्या देशांतले पाने एका ओळीत.)

पुढे सुधारणा होत राहिल्या. स्वीडनमध्ये एन्शपिंग गावच्या योहान पेटर योहान्सन याने १८८८ मध्ये आपल्या पाइप पान्याचं पेटंट घेतलं. १९२३ साली ओहायोत सुरू झालेल्या रिज टूल कंपनीने दणकट दांड्याचे आणि बदलता येणाऱ्या दात्यांचे पाने आणले. नंतर ॲल्युमिनियमचे दांडे आले, लोखंडी पान्यापेक्षा सुमारे ४० टक्के हलके. शिडीवर उभं राहून डोक्यावरचा जोड फिरवणाऱ्याला विचारा ह्या ४० टक्क्यांची किंमत.

(दृश्य: गावाबाहेरचा हातपंप. तिपाई, दोर, चार माणसं.)

आता आपल्या मातीतला एक प्रसंग. बोअरवेलवरचा हातपंप. सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने घडलेल्या आणि पुढे देशभर गेलेल्या 'इंडिया मार्क टू' पंपाची मुळं जालना आणि सोलापूरला तयार झालेल्या पंपांत आहेत. तो दुरुस्त करायचा म्हणजे तीन-तीन मीटरचे जीआय पाइप एकेक करून वर ओढायचे. पाणी ३० मीटरवर असेल, तर पाइप आणि आतलं पाणी मिळून वजन शंभर किलोच्या वर जातं. वरचा पाइप पान्याने सोडवायचा, तोवर खालची सगळी माळ कुणीतरी धरून ठेवायला हवी. ती सुटली, तर थेट बोअरच्या तळाशी.

त्यासाठी तोंडावर एक आपोआप आवळणारा क्लॅम्प बसवतात. पाइप वर ओढला की तो मोकळा सरकतो, खाली घसरू लागला की पाइपच्याच वजनाने क्लॅम्प आवळतो. वजन हीच त्याची पकड. बॉस्टनजवळच्या त्या कारखान्यातला विचार इथे माळरानावर वेगळ्या रूपात भेटतो.

(दृश्य: पुन्हा बोळ.)

घरातल्या पाण्याला आता प्लास्टिकचे पाइप आलेत, ते सोल्युशनने चिकटतात. पण पाइपगॅस, आग विझवायच्या पाण्याच्या लाइनी, पंप, जुन्या इमारती, इथे आट्यांचे जोड अजून आहेत.

काकांनी एक पाना खालच्या सॉकेटवर, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या आखूड नळीवर, लावून धरलाय, पाइप पिळवटू नये म्हणून. मुलगा दुसरा पाना वर, उलट्या तोंडाने लावतो.

"मागे फट ठेवलीस?"

"ठेवली."

"मग ढकलू नको, ओढ. अंगाकडे."

जबडा कलतो. कर्र असा आवाज येतो, दाते रुतल्याचा. क्षणभर काहीच हलत नाही. मग गंजाची पूड झडते आणि सॉकेटमधून पाइप पाव वळसा फिरतो. आणखी अर्धा. आट्यांच्या खाचांतून गळती थांबवायला भरलेला, आता वाळलेला सफेदा आणि तागाचे काळपट धागे बाहेर येतात, ज्याने हा जोड आवळला त्या कुणा प्लंबरच्या हातचे.