इनुविक: गोठलेल्या जमिनीवरचं गाव

आज गाडी बंद. डेम्पस्टर हायवेवर दोन दिवस नुसती खडी, साधारण ७४० किलोमीटर, चिवड्याचा डबा उघडला तर झाकणाच्या आतसुद्धा करडी धूळ, कानात अजून ती खडी वाजतेय, म्हणून ठरवलं की आज फक्त पायी फिरायचं.

हे इनुविक. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधलं, आर्क्टिक सर्कलच्या वर जवळपास २०० किलोमीटर, मॅकेन्झी नदीच्या त्रिभुज प्रदेशाला लागून. वस्ती तीन हजारांच्या आसपास, त्यात इनुविअलुइट आणि ग्विचिन ही इथली मूळ माणसं. जून चालू आहे, काल रात्री साडेअकराला पोरं सायकली फिरवत होती, लख्ख उन्हात!

आता घरांच्या मागून गेलेली ही पत्र्याची लांबलचक पेटी बघा. खांबांवर उचललेली, थेट गल्लीच्या टोकापर्यंत. हिला म्हणतात युटिलिडोर. आत पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप. ते जमिनीत पुरता येत नाहीत, कारण खाली पर्माफ्रॉस्ट आहे, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, तिला पाइपची ऊब लागली की आतलं बर्फ वितळणार, जमीन खचणार आणि सोबत पाइपही मोडणार. घरंसुद्धा खांबांवर, खालून वारा खेळता ठेवलाय. बाहेर मायनस चाळीस असताना घरात हीटर चालणार आणि तरी खालच्या मातीला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, अख्खं गाव या एका गोष्टीवर उभं आहे, मला तर हे फार भारी वाटलं.

हे गाव मुळात वसवलेलं आहे. त्रिभुज प्रदेशाच्या पलीकडच्या अक्लाविक गावाला पुराचा आणि खचणाऱ्या काठाचा त्रास, म्हणून १९५० च्या दशकात सरकारने इथे नवी वस्ती बांधली. अक्लाविकच्या बऱ्याच जणांनी मात्र गाव सोडलंच नाही, ते आजही आहे.

मेन रोडवरचं पांढरं, गोल, इग्लूसारखं चर्च १९६० मध्ये पूर्ण झालं. आराखडा ब्रदर मॉरिस लारोक यांचा, ते सुतार, आर्किटेक्टचं शिक्षण नव्हतं. खाली खडीचा थर, त्यावर बशीसारखा काँक्रीटचा पाया, म्हणजे इथेही तीच काळजी. इथली छोटी मशीद तर विनिपेगमध्ये बांधून २०१० मध्ये ट्रकने आणि मग नदीतून बार्जवर आणली, सुमारे ४००० किलोमीटर!

शेवटी कम्युनिटी ग्रीनहाऊसला गेलो, आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबलो. ही जुनी आइस हॉकीची रिंक, ग्रोलियर हॉलची. ग्रोलियर हॉल म्हणजे रेसिडेन्शियल स्कूलचं वसतिगृह, मूळ रहिवाशांची मुलं घरापासून तोडून जिथे ठेवायचे, त्या मुलांनी जे सोसलं ते इथल्या घराघरात अजून जिवंत आहे, आत शिरताना ते मनातून जात नाही. वसतिगृह पाडलं, रिंक राहिली, १९९० च्या दशकाच्या शेवटी लोकांनी तिचं छप्पर पारदर्शक केलं आणि आत लाकडी वाफे मांडले, प्रत्येकाचा आपापला. भाजी इथे लांबून येते आणि महाग पडते, त्यामुळे इथे वाफ्याचं मोल वेगळंच. पालक, मुळा, मटार, टोमॅटोला फुलं. एका वाफ्यात बोट घातलं, माती ओली होती आणि कोमट. या गावात पहिल्यांदाच.