पलीकडे काय आहे?

(दृश्य: नागपूर, मे महिना, दुपारचे साडेतीन. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटची पश्चिमेची भिंत. रस्ता ओस.)

या भिंतीला बाहेरून हात लावा, चटका बसेल. आतून मात्र ती अजून जेमतेम कोमट आहे. नऊ इंची विटांची भिंत ऊन लगेच आत सोडत नाही. दुपारभर अंगात मुरवते, आणि रात्री जेवणं आटोपून माणसं आडवी झाली की मग खोलीत ओकायला लागते. हे सांगायला नागपूरकराला संगणक लागत नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, इथे कुणी या भिंतीला पलंग टेकवत नाही.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर तोच फ्लॅट, नुसत्या रेघांचा.)

माझं काम मात्र संगणकावरच चालतं. एनर्जीप्लस नावाचा प्रोग्रॅम आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या पैशातून घडलेला, 2001 साली आलेला, फुकट मिळणारा. त्याला घर द्यायचं, गावाच्या हवामानाची फाइल द्यायची. वर्षाचे 8760 तास तो घर तापवतो, निववतो आणि एसीला किती कष्ट पडतील ते सांगतो.

पण त्याआधी तो प्रत्येक भिंतीमागे एक प्रश्न घेऊन उभा राहतो. हिच्या पलीकडे काय आहे? मोकळी हवा, माती, दुसरी खोली, की काहीच नाही असं धरायचं? या उत्तराला म्हणायचं बाउंड्री कंडिशन. एका चौकटीत एक शब्द निवडायचा, एवढंच.

(दृश्य: वहीच्या पानावर पेन्सिलीने आकडे.)

एवढंच? ढोबळ हिशेब करू. शेजारच्या फ्लॅटला लागून 12 चौरस मीटरची भिंत. दोन्हीकडच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल, तर दर चौरस मीटरमधून साधारण 2 वॅट उष्णता जाते असं धरा. आत 26 अंश. पलीकडे ‘आउटडोअर्स’ लिहिलं, म्हणजे 44 अंश, तर 432 वॅट आत येतात. एक टनाच्या एसीचा आठवा हिस्सा एकट्या या भिंतीने खाल्ला. पलीकडे शेजाऱ्यांचा कूलर चालू असून त्यांची खोली 32 अंशांवर असेल, तर 144 वॅट. आणि ‘अ‍ॅडियाबॅटिक’ लिहिलं, म्हणजे पलीकडे काहीच नाही असं धरलं, तर शून्य. भिंत तीच आणि विटाही त्याच.

अ‍ॅडियाबॅटिक म्हणजे भिंतच नाही, असा मात्र अर्थ नाही. तिच्यातून आरपार काही जात नाही. पण तिचं वजन हिशेबात राहतं, ती खोलीतली उष्णता शोषते आणि परत देते.

(दृश्य: मॉडेलमध्ये दोन खोल्यांमधली फट मोठी करून दाखवलेली.)

हॉल आणि बेडरूममधली भिंत मॉडेलमध्ये दोनदा असते. एक हॉलची, एक बेडरूमची. दोघींनी एकमेकींचं नाव घ्यावं लागतं, आणि प्लास्टर-वीट-प्लास्टरचे थर एकीत सरळ तर दुसरीत उलट्या क्रमाने. माझ्या एका मॉडेलमध्ये खोल्या काढताना दोन मिलिमीटरची फट राहिली. जोडी जुळलीच नाही. दोन्ही भिंती ‘आउटडोअर्स’च राहिल्या. ऊन त्या फटीत शिरत नव्हतं, कारण भिंती एकमेकींवर सावली धरून होत्या. पण घराच्या पोटात 44 अंशांची हवा मात्र खेळत होती. प्रोग्रॅमने हूं की चूं केलं नाही. एसीचा आकडा फुगलेला आला, आणि दोन दिवस मी काचेला दोष देत बसलो. मग अहवालात बाहेरच्या भिंतींची यादी वाचली. त्यात हॉलची ही आतली भिंत उभी होती. तेव्हापासून मी भिंतींना रंग लावून बघतो. ओपनस्टुडिओत, म्हणजे एनर्जीप्लससाठी घर काढायच्या प्रोग्रॅममध्ये, मोकळ्या हवेची भिंत निळी दिसते, जोडीची हिरवी. घराच्या मध्यावर निळं दिसलं की हात थांबवायचा.

(दृश्य: तळमजल्याची फरशी. अनवाणी पावलं.)

तळमजल्याची गंमत वेगळी. फरशीला ‘ग्राउंड’ लिहिलं आणि जमिनीचं तापमान दिलंच नाही, तर एनर्जीप्लस बाराही महिने 18 अंश धरतो. अमेरिकेतल्या मोठ्या, वर्षभर एसी-हीटर चालणाऱ्या इमारतींखाली ते चालून जातं. नागपूरच्या हवेची वर्षाची सरासरीच 27 अंशांच्या आसपास. म्हणजे मॉडेलमधल्या घराला मे महिन्यात पायाखालून फुकटचा गारवा! असा अहवाल दिसायला फार सुंदर असतो, म्हणून तो जास्त घातक.

(दृश्य: चौथा मजला. शेजारच्या दाराला कुलूप.)

आता पुन्हा त्या शेजारच्या भिंतीकडे. 32 अंश मी कूलर धरून लिहिले होते. खात्री करायला इमारतीत गेलो.

“काका, चारशे दोनमध्ये कोण राहतं?”

“राहतात नं. पण मे महिन्यात गावाले जातात सगळे. पंधरा जूनले येतील.”

म्हणजे कूलर बंद, खिडक्या बंद, आणि पश्चिमेचं ऊन त्यांच्याही भिंतीवर. मनाने एक आकडा ठोकून देता आला असता. त्याऐवजी मी त्यांचा फ्लॅटही मॉडेलमध्ये काढला: एसी नाही, माणसं नाहीत, दार लावलेलं. त्याचं तापमान तो फ्लॅटच ठरवील.

(दृश्य: पडद्यावर पहिल्या चौकटीला लागून दुसरी चौकट उमटते. मधली भिंत हिरवी होते.)