शॉकअप नंतर पाहा, आधी दाते मोजा

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस ओसरून दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की मुंबईतल्या सायकलच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "कोकणात चार दिवस जायचंय. रोड बाईक नेऊ की माउंटन?" रोड बाईक म्हणजे बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची सायकल; माउंटन म्हणजे जाड, गुठळ्यांच्या टायरची. दुकानदार बहुतेक वेळा जी दारात उभी असेल तिचंच गुण गातो. त्यात त्याचाही काही दोष नाही, त्याला तुमचा रस्ता माहीत नसतो. आज आपण रस्त्यापासूनच सुरुवात करू. कागद-पेन्सिल जवळ असू द्या, मध्ये थोडे आकडे येणार आहेत.

मुंबईहून सायकलवर बाहेर पडायच्या वाटा मोजक्याच आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, अटल सेतू आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग या चारही ठिकाणी सायकलला बंदी आहे. म्हणून सुट्टीतली सोयीची वाट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट. ती मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि सायकल तिच्यात चालवतच चढवता येते. मांडव्याहून अलिबाग साधारण २० किलोमीटर, तिथून रेवदंडा, कोर्लई, काशीद करत मुरूड आणखी ५० च्या आसपास. पुढे आगरदांड्याला खाडी ओलांडून दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. आजच्या बोलण्यात हाच रस्ता डोळ्यांसमोर ठेवू.

हा रस्ता डांबरी आहे. इथेच पुष्कळांची पहिली चूक होते. कोकण म्हटलं की खाचखळगे, लाल माती आणि जंगल डोळ्यांपुढे येतं, आणि पुढे-मागे शॉकअप असलेली माउंटन बाईक घेतली जाते. प्रत्यक्षात चाकं डांबरावरच फिरतात. हे डांबर मुंबईच्या हायवेसारखं गुळगुळीत नसतं, मध्येच पॅच, मध्येच खडी, गावात शिरताना स्पीडब्रेकर, पण ते डांबरच. तुमचा दम काढतो तो चढ. खाडीवर उतरायचं, पलीकडे डोंगराची सोंड चढायची, पुन्हा खाली समुद्राशी यायचं. दिवसभर हेच. दिघीच्या पुढे तर जास्तच. हर्णैहून दापोलीला जाणार असाल तर आसूदचा घाट आहेच.

म्हणून सायकल बघायला गेलात की शॉकअप नंतर दाबून बघा, आधी दाते मोजा. पुढे पेडलपाशी असलेल्या चकत्यांपैकी सगळ्यात लहान चकतीचे दाते, आणि मागच्या चाकावरच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दाते. बऱ्याचदा आकडा चकतीवर कोरलेलाच असतो. पहिल्याला दुसऱ्याने भागा. हा तुमचा सगळ्यात हलका गिअर.

नेहमीच्या रोड बाईकला पुढे ३४, मागे २८ दाते सापडतील. भागाकार १.२१. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटर पुढे जाते. माउंटन बाईकला पुढे तीन चकत्या असतील तर लहान चकती बहुधा २२ किंवा २४ दात्यांची, मागची मोठी ३४ ची. भागाकार ०.७ च्या आसपास, आणि एका फेरीत सायकल सरकते जेमतेम दीड मीटर. पुढे एकच चकती असलेल्या नव्या माउंटन बाईकना मागे ५० दात्यांपर्यंत चकती मिळते, हिशेब तोच येतो.

अडीच आणि दीड हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, घाटात तो किरकोळ राहत नाही. समजा माणूस ७० किलोचा, सायकल १० ची, सामान ८ किलो. चढ शंभर मीटरला आठ मीटर. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर अडीच मीटरच्या गिअरमध्ये ताशी नऊ किलोमीटरने चढावं लागतं, आणि त्यासाठी पायांतून सुमारे १९० वॅट सतत द्यावे लागतात. दीड मीटरच्या गिअरमध्ये वेग ताशी साडेपाचवर येतो. सायकल चार किलोने जड धरली तरी १३० वॅटच्या आत काम भागतं. रोज लोकलने ऑफिसला जाऊन खुर्चीत बसणाऱ्याला अर्धा तास दीडशे वॅट धरून ठेवणंही जड जातं. मग तो साठ फेऱ्यांवरून चाळीसवर येतो, प्रत्येक फेरीत गुडघ्यावर हलक्या गिअरपेक्षा जास्त जोर देतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा बोलायला लागतो. दोष सायकलीवर जातो. चूक फक्त मागच्या चकतीची असते.

रोड बाईक हातात असेल आणि तीच न्यायची असेल तर मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलून ११ ते ३२ किंवा ११ ते ३४ दात्यांची बसते का, हे मेकॅनिकला विचारा. डिरेलर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, आणि प्रत्येक डिरेलरला किती मोठी चकती चालेल याची मर्यादा असते. ती ओलांडली तर चेन आखडते आणि मोठ्या चकतीवर टाकताच डिरेलर तुटून चाकाच्या तारांत जाऊ शकतो. कॅसेट बदलली की चेनची लांबीही तपासून घ्यायची.

आता टायर. रोड बाईकवर २५ किंवा २८ मिलिमीटरचे, माउंटनवर २.१ इंची, म्हणजे ५३ मिलिमीटरचे. बारीक टायरमध्ये हवा जास्त लागते. सत्तर किलोच्या माणसाला २५ च्या टायरमध्ये ८५ ते ९० पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप), २८ मध्ये ७० ते ८०, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा पाच जास्त. हवा कमी ठेवून खड्ड्यात गेलात तर टायर रिमपर्यंत दबतो, ट्यूब मध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. ट्यूब काढल्यावर अशा दोन चिरा दिसल्या तर रस्त्यात काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढंच समजा. उलट, टायरवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी हवा ठोकून भरली की सायकल प्रत्येक खडीवर उडते आणि मनगटं बधिर होतात. कोकणासाठी २५ पेक्षा २८ बरे, आणि फ्रेममध्ये मावत असतील तर ३२ आणखी बरे. चिमटा, म्हणजे चाक दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क, आणि टायर यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना चार मिलिमीटर तरी जागा उरली पाहिजे, नाहीतर चिखल किंवा खडी अडकते.

माउंटनच्या गुठळ्यांच्या टायरची गोष्ट वेगळी. मातीत त्या गुठळ्या रुततात आणि पकड देतात. डांबरावर त्याच गुठळ्या वाकतात, घूंऽऽ असा आवाज करतात आणि तुमची ताकद खातात. सरळ रस्त्यावर रोड बाईकवाला ताशी २२-२५ ने सहज जात असताना माउंटनवाला १६-१७ ला घामाघूम होतो. मधली वाट स्वस्त आहे: घरातल्या माउंटन बाईकला गुळगुळीत, दीड ते पावणेदोन इंची टायर चढवा आणि ५० ते ६० पीएसआय हवा मारा. टायर घेताना इंचांवर जाऊ नका. जुन्या टायरच्या कडेला तीन आकडी संख्या छापलेली असते: २६ इंचीला ५५९, साडेसत्तावीसला ५८४, एकोणतीसला ६२२. तीच संख्या नव्या टायरवर हवी. शॉकअपला लॉक असेल तर डांबरावर शॉकअप लॉक करून ठेवा, नाहीतर चढावर उभं राहून पेडल मारताना काही जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. स्वस्त सायकलींच्या स्प्रिंगच्या चिमट्याचं वजनच अडीच किलोच्या घरात असतं, आणि ते तुम्ही प्रत्येक चढावर वाहून नेता.

मागेसुद्धा शॉकअप असलेली सायकल या सुट्टीसाठी नको. तिला सामानाचा कॅरिअर नीट बसत नाही. चार इंची जाड टायरची सायकलही नको. किनाऱ्यावर तिचा फोटो छान येतो, चढावर तीच १६-१७ किलोची धोंड होते.

मग घ्यायची कोणती? ज्याला रोड बाईकची सवय आहे, महिन्यातून दोन-तीनदा ६०-७० किलोमीटर होतात आणि सामान पाच किलोच्या आत आहे, त्याने २८ चे टायर आणि मागे ३२ दाते लावून रोड बाईक न्यावी. तो दुपारच्या जेवणाला मुरुडात असेल. इतर सगळ्यांनी, विशेषतः मुलं बरोबर असतील किंवा वर्षभराने सायकल बाहेर काढली असेल त्यांनी, गुळगुळीत टायरची माउंटन. हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटनच्या मधली सरळ हँडलची सायकल, घरात असेल तर नवीन काही घेऊच नका, फक्त दाते मोजा. भागाकार एकाच्या खाली असला की निघा. सुट्टीसाठी म्हणून पहिल्यांदाच खाली वळलेल्या हँडलची सायकल घेणं मात्र मला पटत नाही. ब्रेकवर बोटं नीट पोचायला आणि मानेला ती बैठक सोसायला काही आठवडे लागतात, आणि उतारावर शिकायची ती गोष्ट नव्हे.

सामानाचंही आधीच पाहा. बहुतेक रोड बाईकना कॅरिअर कसायची भोकं नसतात. अशा वेळी सीटमागची लांब पिशवी आणि हँडलवरची छोटी पिशवी, एवढ्यात भागवा. सीटच्या दांड्याला क्लँपने बसणारा कॅरिअर कार्बनच्या दांड्यावर कधीही आवळू नका, तडा जातो. पाठीवर सॅक घेऊन ७० किलोमीटर जाण्याचा विचार सोडून द्या. पाठ भिजते आणि सगळं वजन बैठकीवर येतं.

सायकल भाड्याने घेणार असाल तर पैसे देण्याआधी पाच मिनिटं द्या. मागचं चाक उचलून फिरवा, रिम डावी-उजवीकडे डोलत असेल तर आधी आऊट काढून, म्हणजे तारा आवळून रिम सरळ करून, मागा. चाक हाताने आडवं हलवा, खुळखुळलं तर छर्रे गेलेत. ब्रेकचा दांडा हँडलला टेकता कामा नये. सगळे गिअर एकेक करून टाका, आणि चेन हलक्या गिअरवर असताना डिरेलर तारांना लागत नाही ना ते वाकून बघा. पाच फूट सहा इंच उंचीला माउंटनची १७ इंची फ्रेम साधारण बसते. सीट लावताना पेडल पूर्ण खाली आणून त्यावर टाच ठेवा, गुडघा सरळ झाला पाहिजे. म्हणजे चालवताना चवडा पेडलवर आला की गुडघ्याला हवा तेवढा बाक राहतो.

एक बारीक गोष्ट, पण हिच्यापायी सहली अडकलेल्या आहेत. रोड बाईकच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, टोकाला स्क्रू असलेला असतो. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पाइप त्यावर बसतच नाही. दाण्याएवढा पितळी अडॅप्टर मिळतो, दोन घ्या, एक हरवतोच. व्हॉल्व्हचा स्क्रू सैल करून त्यावर अडॅप्टर फिरवायचा, मग कुठलाही पंप चालतो. मात्र कॉम्प्रेसरने बारीक टायर क्षणात फुटतो, तेव्हा हवा हातपंपानेच मारा. बारीक ट्यूब गावात मिळेल ही आशा ठेवू नका, माणशी दोन बरोबर असाव्यात. २६ इंची ट्यूब त्या मानाने सापडते. शिवाय टायर काढायचे दोन प्लॅस्टिकचे चमचे, पॅच, सोल्यूशन, चार-पाच-सहाच्या ॲलन की आणि तुमच्याच मॉडेलचा सुटा हँगर. हँगर म्हणजे डिरेलर ज्यावर लटकतो तो ॲल्युमिनियमचा कान. सायकल उजव्या अंगाला पडली की तो वाकतो, आणि जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो.

कोकण रेल्वेने जाणार असाल तर सायकल ब्रेकव्हॅनमध्ये पार्सल म्हणून बुक होते. गाडीच्या दोन-तीन तास आधी पार्सल ऑफिसात पोचा, आणि तुमच्या स्टेशनवर गाडी दोनच मिनिटं थांबत असेल तर पार्सल उतरवतात का, हे आधीच विचारा. चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर टाका म्हणजे डिरेलर आत सरकतो, त्यावर पुठ्ठा बांधा. पेडल १५ च्या पान्याने काढा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतं. जोर लावून उलटं फिरवत बसलात तर पाना सटकून बोटं सोलली जातील.

वाटेत खाडीच्या धक्क्यांवर सायकलवरून उतरून चाला. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे उतारावर शेवाळ असतं, त्यावर गुळगुळीत काय आणि गुठळ्यांचा काय, कुठलाच टायर धरत नाही. पुळणीवर सायकल घालण्याचा मोहही आवरा. खारं पाणी आणि वाळू पेडलच्या मधल्या एक्सेलमध्ये शिरली की महिनाभरात करकर सुरू होते.

परत आल्यावर सायकल त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा. सोसायटीत नळ नसेल तर ओल्या फडक्याने दोनदा पुसा, चेन कोरडी करा, आणि प्रत्येक कडीच्या आतल्या बाजूला एक-एक थेंब वंगण सोडा. दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका, नाहीतर सकाळपर्यंत जिन्यातली सगळी धूळ त्याला चिकटलेली असेल. नमस्कार.