ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

२०२५च्या सप्टेंबरात राज्य सरकारने लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, सक्तीची केली. संकेतस्थळावर आपला आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपीही भरायचा. वाचायला हे पाच मिनिटांचं काम आहे. गावात ते कसं होतं ते बघा. आधार काढताना एका बाईने थोरल्या मुलाचा नंबर दिलेला असतो आणि मुलगा चाकणला कंपनीत. तो ड्युटीवर असला की फोन लॉकरमध्ये, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची. दुसरीचं सिम तिचं स्वतःचं आहे, पण रिचार्ज संपून दोन-तीन महिने झालेत, नंबर चालू आहे की गेला हेच तिला माहीत नाही. तिसरीचा नवरा वारलाय, वडीलही नाहीत, आणि स्क्रीनवरची ती चौकट काही रिकामी सोडता येत नाही. त्यात तेव्हा मराठवाड्यात पुराने घरंच्या घरं धुऊन नेली होती. पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली, विधवा आणि एकट्या बायकांसाठी अंगणवाडी सेविकेमार्फत कागदपत्रं देण्याची सोय झाली. झाली हे चांगलंच झालं. पण हीच सोय पहिल्या दिवशी का नव्हती, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

कारण सरकारच्या हिशेबात ही बाई केव्हाच जोडली गेलेली आहे. गावात टॉवर आहे, पंचायतीत फायबर आहे, घरात स्मार्टफोन आहे, बँकेत खातं आहे. सगळे रकाने भरलेले. आणि तरी तिच्या हक्काच्या पैशासाठी तिला मुलाची, दिराची, नाहीतर सेवा केंद्रवाल्याची मनधरणी करावी लागते.

हे रकाने कसे भरले जातात ते जरा सविस्तर सांगतो. ऑक्टोबर २०११मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. दुसऱ्या टप्प्यात आपल्या राज्याने महानेट या नावाने हे काम स्वतःकडे घेतलं. पैसा कुठून आला? टेलिकॉम कंपन्यांच्या समायोजित महसुलातले ५ टक्के खास यासाठी बाजूला काढले जातात, म्हणजे शेवटी तुमच्या-माझ्या रिचार्जमधून. या निधीला २००३च्या कायदादुरुस्तीने वैधानिक दर्जा मिळाला, २०२३च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी केलं. कित्येक वर्षं यातला मोठा भाग खर्चच झाला नाही, हे दुखणं वेगळंच.

आज दोन लाखांहून जास्त ग्रामपंचायती 'सेवेसाठी सज्ज' असल्याचं सांगितलं जातं. सज्ज म्हणजे काय? ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भिंतीला लावलेली एक लोखंडी पेटी, तिला कुलूप, आत फायबर येऊन मिळते ते यंत्र आणि एक बॅटरी. पेटीवरचा हिरवा दिवा लागला, फोटो निघाला, गाव सज्ज झालं. मग बॅटरी उतरते. वीजबिल थकलं की पंचायतीचं मीटर बंद होतं. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, शेजारच्या गावाचाही कार्यभार असतो, त्यामुळे कार्यालय उघडं असण्याचे वारच ठरलेले. आणि फायबरची रचनाही अशी की तालुक्याहून एक केबल निघते, वाटेतली गावं जोडत शेवटच्या गावात जाऊन संपते. मध्ये रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने ती तोडली की पुढची सगळी गावं एकदम बंद. दुरुस्ती रस्तेवाल्यांनी करायची की केबलवाल्यांनी, यात महिने जातात. नळ योजनेची टाकी बांधून झाली म्हणून गाव टंचाईमुक्त जाहीर करावं, तसं हे चाललं होतं.

ही चूक सरकारने ओळखली, हेही सांगायला हवं. ऑगस्ट २०२३मध्ये मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटला मंजुरी दिली, तरतूद १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये. आता एका ओळीऐवजी वर्तुळाकार रचना, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तर दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते. दहा वर्षांची देखभाल कंत्राटातच धरली आहे. मला यातली देखभालीची अट सगळ्यात महत्त्वाची वाटते. खांब रोवण्याचे पैसे आपण नेहमीच देत आलोय, खांब उभा ठेवण्याचे देत नव्हतो.

पण फायबर टिकली तरी पुढचा प्रश्न उरतो, वापरणार कोण? २०१९ ते २१च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात साधा प्रश्न होता, तुम्ही कधी तरी इंटरनेट वापरलंय का? देशात १०० पुरुषांमागे ५७ जण हो म्हणाले, १०० बायकांमागे ३३. महाराष्ट्रात पुरुष ६१, बायका ३८. आपण पुढारलेले म्हणवतो, पण बाई आणि पुरुष यांच्यातली दरी आपल्याकडेही जवळपास देशाइतकीच होती. त्यानंतर स्मार्टफोन खूप वाढले, आकडे नक्की सुधारले असतील. पण घरात फोन एक असेल तर तो कोणाच्या खिशात असतो, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

प्रशिक्षणाचंही तसंच. २०१७ साली ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू झालं, मार्च २०२४मध्ये संपलं. सहा कोटींचं उद्दिष्ट होतं, ६ कोटी ३९ लाख लोक शिकल्याची नोंद आहे. उद्दिष्टापेक्षा जास्त! पण नियम होता घरटी एक. घरातला कोण गेला असेल? आणि २० तासांचा वर्ग, शेवटी परीक्षा, प्रमाणपत्र. त्यानंतर त्या माणसाने एक तरी अर्ज स्वतः भरला का, हे कोणी मोजलं?

केरळने दुसरा रस्ता धरला. त्यांनी आधी घरोघर फिरून कोणाला येत नाही ते शोधलं. पुल्लमपारा नावाच्या एका पंचायतीत सुरुवात झाली, मग सगळं राज्य. सुमारे २१ लाख ८८ हजार माणसं अशी निघाली. शिकवणारे अडीच लाखांवर स्वयंसेवक. शिकवलं कुठे? रोजगार हमीच्या कामावर, जेवणाच्या सुट्टीत. कुटुंबश्रीच्या बचत गटांत. शिकवलं काय? फोन लावणं, व्हिडिओ कॉल करणं, सरकारी सेवेचा अर्ज करणं. घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन. ऑगस्ट २०२५मध्ये त्यांनी राज्य पूर्ण डिजिटल साक्षर झाल्याचं जाहीर केलं. 'पूर्ण' या दाव्यावर वाद घालता येईल, पण माणूस शोधून काढण्याची ती पद्धत आपण उचललीच पाहिजे. रोजगार हमी ही तर महाराष्ट्राने देशाला दिलेली गोष्ट. बचत गटांचं जाळं आपल्याकडेही गावोगाव आहे.

आता या वाचनालयाबद्दल. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात अकरा हजारांहून अधिक शासनमान्य वाचनालयं आहेत, त्यातली बरीच खेड्यांत, 'क' आणि 'ड' या खालच्या वर्गांतली. इमारत आहे, विजेचं कनेक्शन आहे, ठरलेल्या वेळेला दार उघडणारा माणूस आहे, आणि बायका-मुली तिथे निःशंक येतात. चहाच्या टपरीवरच्या वायफायखाली मुलगी उभी राहील का? डिसेंबर २०२०मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजना आणली, कोणाही दुकानदाराने परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय द्यावं म्हणून. २०१८च्या धोरणात २०२२पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचं लक्ष्य होतं, प्रत्यक्षात गाडी काही लाखांतच अडकली. एक मोठं कारण म्हणजे टपरीवाल्याकडून कंपन्या महागड्या व्यावसायिक जोडणीचे पैसे मागत. जून २०२५मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, त्यावर मर्यादा घातली, घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घ्यायचे नाहीत. आता पंचायतीच्या पेटीतली फायबर शंभर पावलांवरच्या वाचनालयात न्यायला काय हरकत आहे? दोन संगणक, एक प्रिंटर, आणि ग्रंथपालाच्या मानधनात थोडी भर. सेवा केंद्रवाला वाईट नसतो, पण त्याचं पोट फॉर्मवर चालतं, तुम्हाला शिकवण्यात त्याचा तोटाच. एका केंद्रात मी वही पाहिली आहे, गावातल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे युजरनेम-पासवर्ड ओळीने लिहिलेले. पोरांना स्वतःला ते माहीत नव्हते.

आणि हे सगळं होईपर्यंत, झाल्यावरसुद्धा, कागदाची खिडकी बंद करू नका. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निकाल दिला. प्रकरण काय होतं? ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्या बायकांना केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगितलं जात होतं. न्यायालयाने पर्यायी पद्धती द्यायला सांगितल्या आणि कागदावरच्या केवायसीची सोयही चालू ठेवायला सांगितलं. हाच न्याय प्रत्येक योजनेला लागला पाहिजे. अंगठ्याचे ठसे झिजलेल्या ऊसतोड मजुराला, मोतीबिंदू झालेल्या आजीला, रेंज नसलेल्या पाड्याला.

आपल्याकडे २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरल्या दिवसांत मिळाली नाही तर अपील करता येतं, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. दूरसंचार हा केंद्राचा विषय आहे, त्यामुळे केबल तुटल्याबद्दल ग्रामपंचायत अधिकाऱ्याला दंड करणं अन्यायाचं होईल. पण ऑनलाइन होत नसलेला अर्ज कागदावर स्वीकारून पोच देणं, ही सेवा म्हणून राज्य सरकार अधिसूचित करू शकतं. त्याला संसदेत जावं लागत नाही.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, "आम्ही काय करायचं?" ताई, १ मेला ग्रामसभा आहे. तिच्या आधी बायकांची सभा होते, तिथे हा विषय लेखी द्या. पंचायतीतली पेटी चालू आहे का, गेल्या वर्षात किती दिवस बंद होती, तक्रार कोणाकडे केली, वाचनालयाला जोडणी का दिली नाही, हे चार प्रश्न. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि इतिवृत्ताची नक्कल मागा. नक्कल हातात आली की पंचायत समितीत घेऊन जा. मीही येईन.