मीर महंमदने रंगवलेले महाराज

शिवाजी महाराजांचे हे चित्र महाराष्ट्रात अनेकांच्या ओळखीचे आहे. घोड्यावर स्वार झालेले शिवाजी महाराज आणि त्यांच्यासोबत पायी चालणारे शस्त्रधारी सेवक. ‘मनुचीचे चित्र’ असे त्याला सर्रास म्हटले जाते; वास्तविक मनुचीने ते काढले नाही, काढवून घेतले. कुंचला होता मीर महंमदाचा, आणि हा मीर महंमद औरंगजेबाचा पुत्र शाहआलम याच्या पदरी होता, ही गोष्ट चित्राखाली क्वचितच छापली जाते.

निकोलाव मनुची मूळचा व्हेनिसचा. कोवळ्या वयात तो हिंदुस्थानात आला, दारा शुकोहच्या तोफखान्यात राहिला आणि पुढे वैद्यकी करू लागला. १६६५ साली, पुरंदरच्या मोहिमेत, तो मिर्झाराजा जयसिंगाच्या छावणीत होता. तिथल्या एका रात्रीची आठवण त्याने लिहून ठेवली आहे: आपण जयसिंगाबरोबर पत्ते खेळत बसलो असताना शिवाजीराजे तंबूत आले, सारे उठून उभे राहिले, आणि आपल्याकडे पाहून राजांनी, हा कुठला राजा, असे जयसिंगाला विचारले. मनुचीला स्वतःविषयी लिहिताना हात आखडता घेण्याची सवय नव्हती, हे ध्यानात ठेवूनही एवढे म्हणता येते की, या चित्राच्या पहिल्या मालकाने त्यातल्या राजाला समोरासमोर पाहिले होते.

हे चित्र ज्या संग्रहात आहे, त्यातली चित्रे तयार झाली ती १६८६ च्या आधी. मीर महंमद आपला स्नेही होता, राजवाड्यातील मूळ चित्रांवरून त्याने या प्रती केल्या आणि त्यासाठी भरपूर खर्च व तितकीच गुप्तता लागली, असे मनुची सांगतो. मुघल शाहजाद्याच्या चाकरीतील एका माणसाने, दरबाराच्या नकळत, बादशहाच्या शत्रूचेही चित्र त्या संग्रहात रंगवले. आमच्या मते या संपूर्ण कथेतील सर्वांत धाडसी काम हेच आहे.

पुढे मद्रासेत स्थायिक झालेल्या मनुचीने १७०१ साली आपण लिहिलेल्या मुघल इतिहासाचे हस्तलिखित पॅरिसला पाठवले. १७०५ मध्ये फ्रान्स्वा कात्रू या जेझुइट पाद्र्याने त्याच्या आधारे स्वतःचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा संतापलेल्या मनुचीने व्हेनिसच्या सिनेटकडे धाव घेतली. चित्रसंग्रह अखेर व्हेनिसच्या सेंट मार्क ग्रंथालयात विसावला. त्याला तिथे ‘लिब्रो रोसो’, म्हणजे लाल पुस्तक, असे नाव पडले. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे व्हेनिसचे प्रजासत्ताक कोसळले आणि ते लाल पुस्तक फ्रेंचांनी पॅरिसला नेले.

विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम अर्विन यांनी केलेल्या मनुचीच्या ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरात या संग्रहातील चित्रे छापली गेली. मूळ संग्रह आजही फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, ओडी ४५ या क्रमांकाखाली, जपून ठेवलेला आहे.