छेद कुठे मोजायचा?

डेटा सेंटर वीज काटकसरीने वापरते की नाही, हे ठरवताना आज जगभर पीयूई (पॉवर युसेज इफेक्टिव्हनेस, म्हणजे वीजवापराची परिणामकारकता) हा आकडा पाहिला जातो. ‘ग्रीन ग्रिड’ या उद्योगसंघटनेने तो २००७ च्या सुमारास रूढ केला आणि २०१६ मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. गणित शाळकरी आहे: वर्षभरात संपूर्ण केंद्राला लागलेली वीज हा अंश आणि त्यातली संगणकीय उपकरणांना मिळालेली वीज हा छेद. पीयूई १.५ असेल, तर सर्व्हरला पोचणाऱ्या दर युनिटमागे आणखी अर्धे युनिट चिलर (थंडावा राखणारी यंत्रे), पंप, दिवे आणि यूपीएसमधील गळती यांत जाते.

असा आकडा कायद्यात गेला, की त्याचे स्वरूप बदलते. जर्मनीने २०२३ च्या ऊर्जा कार्यक्षमता कायद्यात जुन्या केंद्रांना जुलै २०२७ पासून १.५ आणि जुलै २०३० पासून १.३ ही मर्यादा घातली. जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या केंद्रांना तर १.२ गाठायचे आहे. आता एक जुने केंद्र कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. त्याचे सर्व्हर महिन्याला १० लाख युनिटे घेतात, बाकीची यंत्रणा ५ लाख. पीयूई बरोबर १.५. व्यवस्थापकाने रिकामे फिरणारे सर्व्हर शोधून बंद केले आणि २ लाख युनिटे वाचवली. बाकीच्या यंत्रणेचा वापर मात्र ५० हजार युनिटांनीच उतरला, कारण पंप आणि यूपीएस यांची काही गळती भार कमी झाला तरी तेवढीच राहते. एकूण वापर साडेबारा लाखांवर आला, पण साडेबाराला आठने भागले की १.५६ येते. महिन्याला अडीच लाख युनिटे वाचवणारा हा माणूस वर्षभर असाच वागला, तर कायद्याच्या लेखी दोषी ठरेल.

दुसरा प्रश्न मीटरच्या जागेचा. छेद यूपीएसमधून वीज बाहेर पडते तिथेच मोजला, तर पुढच्या वितरण पेट्यांतली आणि केबलींमधली गळतीही ‘संगणकीय’ खात्यात जमा होते आणि आकडा फुकटात सुधारतो. तो सर्व्हरच्या प्लगपाशी मोजला, तरच ही लबाडी थांबते. तरीही सर्व्हरच्या पोटातले पंखे छेदातच राहतात. खोलीचे तापमान वाढवले की चिलरचे काम हलके होते, पण हे पंखे जोरात फिरू लागतात. त्यामुळे एकूण बिल वाढूनही पीयूई सुधारलेला दिसू शकतो.

शिवाय हवामान आहेच. फ्रँकफुर्टमध्ये वर्षातला बराच काळ बाहेरच्या थंड हवेवर भागते; आपल्या ऐरोली-महापे पट्ट्यात मे महिन्यातल्या दमट हवेत ती सोय नाही. सिंगापूरने नव्या केंद्रांवरची स्थगिती २०२२ मध्ये उठवताना १.३ ची अट घातली, म्हणजे उष्ण प्रदेशात कडक मर्यादा अशक्य नाही. पण जर्मनीचा १.२ जसाच्या तसा इथे उतरवणे मला अन्यायाचे वाटते.

युरोपीय संघाची वाट मला अधिक शहाणपणाची वाटते. २०२४ पासून ५०० किलोवॉट आणि त्यावरील केंद्रांकडून तेथे एकूण वीज, पाणी, पुन्हा वापरलेली उष्णता, इतकेच काय, आत-बाहेर गेलेल्या माहितीचे प्रमाणही मागितले जाते. हा शेवटचा रकाना सर्वांत कच्चा आहे: लग्नाचा व्हिडिओ पाठवणारे बाइट आणि पावसाचा अंदाज वाहून नेणारे बाइट त्यात एकाच मापाने मोजले जातात.