थेंब बुडतोय का बघा

हे निळं पाणी दिसतंय ना, ते मोरचुदाचं आहे. रक्तदानाआधी बोट टोचून काढलेला रक्ताचा एक थेंब त्यात सोडायचा आणि टोचणारा, टोचून घेणारा दोघांनी टक लावून बघत बसायचं. थेंब सरळ तळाला गेला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, वरच घुटमळला तर कमी. त्या पाण्याची घनता मुद्दाम १.०५३ ठेवलेली असते, त्याहून जड रक्त बुडतं, बस एवढंच. आता बऱ्याच ठिकाणी छोटं मशीन आलंय, पण बुडाला तर पास ही परीक्षा बघायला मजा येते.

आज या ताईचा थेंब तरंगला. चेहरा बघा तिचा. सोबत आलेली मैत्रीण रक्त द्यायला आत जाऊन झोपली पण, आणि ही बाहेर बाकावर बसलीय, नापास झाल्यासारखी.

खरं म्हणजे रक्तदानाच्या फॉर्मवरचे बरेचसे प्रश्न देणाऱ्यालाच जपायला असतात. वजनाचंच घ्या, एका किलोमागं अंगात साधारण ७० मिली रक्त, म्हणजे ५० किलोच्या माणसात साडेतीन लिटर, आणि त्यातून एका बैठकीत ४५० मिली काढायचं, मग त्याहून बारीक माणसाला गरगरणारच की. म्हणून ५० किलोची अट, काही ठिकाणी ४५ वालेही चालतात पण मग पिशवी ३५० ची. गरोदर बाई किंवा अंगावर पाजणारी आई, तिला थांबवतात तेही याचसाठी, तिचं लोह आधीच बाळाला पुरवायचंय. वय बहुतेक ठिकाणी १८ ते ६५, देशागणिक थोडं मागंपुढं. आणि एकदा दिलं की पुढं दोन-तीन महिने तरी गॅप, कारण रक्तातलं पाणी दोन दिवसांत भरून येतं पण लाल पेशींना काही आठवडे लागतात आणि लोहाला तर महिने.

उरलेले प्रश्न ज्याला रक्त चढणार त्याच्यासाठी. हे लोकांना आगाऊ वाटतात. टॅटू कधी काढला, नवीन जोडीदार आहे का, सुईनं कधी नशा केलीय का. कुणी म्हणेल पिशवी तपासताच ना मग विचारता कशाला? तर एचआयव्ही किंवा काविळीच्या विषाणूची लागण झाल्यावर पहिले काही दिवस असे असतात की रक्तात विषाणू आहे पण टेस्टला सापडत नाही, यालाच विंडो पिरियड म्हणतात. त्या दिवसांत मशीनचं काही चालत नाही, तिथं फक्त समोरच्याचं खरं बोलणं कामाला येतं. म्हणून हे प्रश्न बाजूला घेऊन विचारतात, मित्रांसमोर नाही. टॅटूला जागतिक आरोग्य संघटना ६ महिने थांबा म्हणते, दाताचं किरकोळ काम असेल तर फक्त २४ तास. सर्दी-ताप असेल तर बरे होऊन या.

कायमचा नकार तसा मोजक्यांनाच, एचआयव्ही असलेले, हृदयाचा गंभीर आजार असलेले वगैरे. बाकी बीपीची गोळी चालू आहे पण बीपी ताब्यात आहे, बहुतेक ठिकाणी चालतं. पाळी चालू आहे, हिमोग्लोबिन ठीक असेल तर चालतं. ॲस्पिरिन घेतलीय, साधं रक्त चालतं, पण प्लेटलेट्स द्यायच्या असतील तर दोन-तीन दिवस थांबा, कारण ती गोळी प्लेटलेट्सना चिकटूच देत नाही आणि रक्त थांबवायला नेमकं चिकटणंच लागतं.

ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन माहितीयेत का, ११७३ वेळा दान, त्यांच्या प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातल्या पाण्यासारख्या भागातून, नवजात बाळांना वाचवणारं औषध बनायचं. २०१८ ला ८१ व्या वर्षी त्यांनाही थांबवलं. तिथली वयाची मर्यादा झाली, विषय संपला.

ताई अजून बाकावरच आहे. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन नीट तपासून घ्यायला सांगितलंय आणि फॉर्मच्या कोपऱ्यात तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून दिलीय. तिनं त्याचा फोटो काढला, आणि मैत्रिणीचा दंड दाबून धरायला आत गेली.